प्रथिनें कशीं निवडतात?



आपल्या घरोघर शुद्धीकरणाच्या क्रिया नित्य चालू असतात. गृहिणी सुपानें धान्य पाखडते, चाळणीनें पीठ चाळते, वस्त्रानें पाणी गाळते, लोणी कढवून त्याचें तूप करते. या सर्व क्रियांच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे. ज्या दोन वस्तु वेगळ्या करावयाच्या, त्यांच्यांत कांहीं तरी भेद असला पाहिजे, आणि तो भेद पकडणारें साधन आपल्या हातीं असलें पाहिजे. कोंडा हलका म्हणून उडतो. दाणा जड म्हणून सुपांत राहतो.

आज मला ज्या शुद्धीकरणाविषयीं बोलावयाचें आहे, तेथेंही तत्त्व हेंच आहे. परंतु जें निवडावयाचें तें फार सूक्ष्म आणि फार नाजूक आहे. मी प्रथिनांविषयीं बोलत आहें. रक्ताच्या एका थेंबांत प्रथिनांचे शेंकडों प्रकार एकत्र नांदत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहींत, साध्या गाळणींत अडकत नाहींत, आणि उष्णता तर त्यांना मुळींच सोसत नाहीं. अंडें उकडलें म्हणजे त्यांतील पातळ पांढरा भाग घट्ट होतो आणि तो निवाला तरी पुन्हां पातळ होत नाहीं. बहुतेक प्रथिनांची हीच गत. तेव्हां अत्तरासारखी भट्टी लावून तीं वेगळीं काढावीं, ही सोय येथें नाहीं.

मग हा खटाटोप करावयाचा तरी कशासाठीं? याचें उत्तर १९२२ सालच्या जानेवारींत कॅनडांतील टोरोंटो शहरीं घडलेल्या एका प्रसंगांत मिळतें. तेथील रुग्णालयांत लेनर्ड थॉम्सन नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा मधुमेहानें अस्थिपंजर होऊन पडला होता. त्या काळीं लहान वयांत हा रोग जडला म्हणजे मृत्यु ठरलेलाच असे. बँटिंग आणि बेस्ट या दोघांनीं जनावरांच्या स्वादुपिंडापासून एक अर्क तयार केला होता. तो ११ जानेवारीस त्या मुलाला टोंचण्यांत आला. रक्तांतील साखर थोडीशी उतरली. पण सुई टोंचली त्या जागीं गळूं धरलें, आणि उपचार थांबवावा लागला. अर्कांत इन्शुलिन होतें यांत शंका नाहीं, परंतु त्याच्या संगतीला नको असलेलीं पुष्कळ द्रव्यें होतीं.

त्यांच्याबरोबर काम करणारा जेम्स कॉलिप हा जीवरसायनशास्त्रज्ञ तो अर्क शुद्ध करण्याच्या मागें लागला. अर्कांत मद्यार्काचें प्रमाण वाढवीत नेलें असतां एका टप्प्यावर इतर प्रथिनें तळाशीं बसतात आणि इन्शुलिन द्रवांतच राहतें. प्रमाण आणखी वाढविलें म्हणजे इन्शुलिनही खालीं बसतें, असें त्याला आढळलें. या दोन टप्प्यांमधील अरुंद वाटेनें त्यानें इन्शुलिन बाहेर काढलें. २३ जानेवारीस नव्या अर्कानें उपचार पुन्हां सुरू झाले. या वेळीं रक्तांतील साखर झपाट्यानें उतरली, आणि तो मुलगा पुढें तेरा वर्षें जगला. गुणकारी द्रव्य दोन्ही वेळां तेंच होतें. बारा दिवसांत बदलली ती केवळ त्याची शुद्धता.

या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. इन्शुलिन मोठ्या प्रमाणावर करावयास घेतांच कॉलिपला तें साधेनासें झालें. लहान भांड्यांत जी कृति हातखंडा होती, ती मोठ्या भांड्यांत फसूं लागली, आणि कांहीं काळ इन्शुलिनची मोठी टंचाई पडली. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील एली लिली कंपनींत जॉर्ज वॉल्डन यानें द्रवाची आम्लता नेमकी साधून इन्शुलिन खालीं बसविण्याची रीति काढली, तेव्हां कोठें पुरवठ्याची घडी बसली. रसायन-अभियंत्याचें काम कशासाठीं असतें, तें यावरून ध्यानांत येईल.

आज प्रथिनें निवडण्याचें जें प्रमुख साधन आहे, त्याचा जन्म मात्र औषधाच्या शोधांतून झालेला नाहीं. मिखाइल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सा येथें पानांतील रंगद्रव्यांचा अभ्यास करीत असे. त्यानें कांचेच्या नळींत खडूची बारीक पूड ठासून भरली, तिच्यावर पानांचा अर्क ओतला, आणि मग वरून शुद्ध द्रावक सोडीत राहिला. अर्क खालीं उतरतां उतरतां त्याचे निरनिराळे पट्टे पडले; कांहीं हिरवे, कांहीं पिवळे. एकजीव दिसणारा हिरवा रंग अनेक रंगांचा मेळ होता, हें नळींतच उघड झालें. या कामाची पहिली वार्ता त्यानें १९०३ सालीं दिली, आणि १९०६ सालीं या रीतीला ‘क्रोमॅटोग्राफी’ हें नांव दिलें. मराठींत तिला वर्णलेखन म्हणतात. योगायोग असा कीं, ‘त्स्वेत’ या रशियन शब्दाचा अर्थही रंग असाच आहे.

हे पट्टे कां पडतात? एखाद्या लांब बाजारपेठेंतून माणसांचा घोळका निघाला आहे अशी कल्पना करा. ज्याला प्रत्येक दुकानापाशीं थांबण्याची हौस आहे तो मागें राहील. ज्याला कशांतच रस नाहीं तो तडक पलीकडे जाईल. निघतांना सर्व एकत्र असले, तरी पेठेच्या दुसऱ्या टोकाला ते एकामागून एक येऊन पोहोंचतील. नळींतील पूड ही ती पेठ. वाहतें द्रावक सर्वांना पुढें ढकलतें, आणि ज्याची पुडीशीं जितकी सलगी तितका तो रेंगाळतो.

प्रथिनांसाठीं ही पेठ निराळी मांडावी लागली. १९५६ सालीं पीटरसन आणि सोबर यांनीं कापसाच्या तंतूंत असणाऱ्या सेल्युलोजला विद्युत्-भार असलेले रासायनिक गट जोडले. विरुद्ध भाराचीं प्रथिनें त्याला चिकटून राहतात, आणि मिठाचें पाणी हळूहळू तीव्र करीत नेलें म्हणजे एकेक सुटून बाहेर येतें. १९५९ सालीं स्वीडनमधील उप्साला येथें पोराथ आणि फ्लोडिन यांनीं डेक्स्ट्रान या शर्करामय पदार्थाचे सच्छिद्र मणी वापरून प्रथिनें आकारमानाप्रमाणें वेगळीं केलीं. लहान प्रथिनें मण्यांच्या छिद्रांत शिरून वेळ काढतात. मोठ्यांना आंत शिरकाव नसल्यामुळें तीं आधीं बाहेर पडतात. १९६८ सालीं कुआट्रेकासस, विल्चेक आणि अनफिन्सेन यांनीं एक फारच चतुर रीति प्रसिद्ध केली. हव्या असलेल्या प्रथिनाचा जो नैसर्गिक जोडीदार, तोच मण्यांवर बांधून ठेवावयाचा. कुलपाला किल्ली ओळखावी तसें तें एकच प्रथिन तेथें अडकतें, आणि बाकीचीं वाहून जातात.

आतां अभियंत्याची अडचण पहा. प्रयोगशाळेंतील नळी बोटाएवढी जाड असते. कारखान्यांतील स्तंभाचा व्यास कित्येकदां एक मीटरही भरतो. स्तंभ उंच करीत जावें, तर मऊ मणी दाबानें चेंगरतात आणि प्रवाह तुंबतो. तो रुंद करावा, तर द्रव सर्व भागांतून सारख्या वेगानें उतरत नाहीं, आणि पट्टे वांकडेतिकडे होऊन एकमेकांत मिसळतात. वेग वाढवावा, तर प्रथिनांना मण्यांत शिरून बाहेर येण्यास अवधि मिळत नाहीं, आणि पट्टा पसरट होतो. फारच सावकाश जावें, तर नाजूक माल वाटेंतच खराब होण्याची भीति. वेगाचा आणि पट्ट्याच्या पसरटपणाचा हा संबंध व्हॅन डीम्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५६ सालीं एका समीकरणांत मांडला. तें समीकरण निघालें वायूंच्या वर्णलेखनासाठीं. पण प्रथिनांचें काम करणाराही त्यांतील विचार आज वापरतो.

शिवाय हिशेब असतोच. एका स्तंभानें सहसा भागत नाहीं. समजा, पांच पायऱ्या घेतल्या आणि प्रत्येक पायरीवर शंभरांतील नव्वद भाग हातीं लागले. नव्वद म्हणजे उत्तम, असें वाटतें; पण पांचव्या पायरीअखेर मूळच्या शंभरांपैकीं एकोणसाठच उरतात. उरलेले एक्केचाळीस भाग शुद्धतेच्या वाटेवर खर्ची पडले. म्हणून एखादी पायरी गाळतां आली, तर अभियंत्याला तो मोठाच लाभ वाटतो. कारण अशा औषधांच्या उत्पादनखर्चांत शुद्धीकरणाचाच वांटा फार मोठा असतो, आणि तो अखेर रोग्याच्या माथीं बसतो.

इन्शुलिनच्या बाबतींत या साधनेचें फळ स्पष्ट दिसलें. कित्येक वर्षें तें पुनःपुन्हां स्फटिक पाडून शुद्ध केलें जाई, आणि तेवढें पुरेसें आहे अशी समजूत होती. पण १९६० नंतरच्या दशकांत तें मण्यांच्या स्तंभांतून नेलें, तेव्हां त्या स्वच्छ स्फटिकांतही परकीं प्रथिनें दडलेलीं आढळलीं. १९७० नंतरच्या दशकांत वर्णलेखनानें शुद्ध केलेलें इन्शुलिन बाजारांत आलें, आणि टोंचलेल्या जागीं कातडीखालची चरबी झडून खळगे पडत, तो त्रास पुष्कळच कमी झाला. १९८२ सालीं जंतूंकडून तयार करविलेल्या मानवी इन्शुलिनला अमेरिकेंत मान्यता मिळाली. तेथें जंतूंचीं स्वतःचीं प्रथिनें काढून टाकणें प्राप्त असल्यामुळें वर्णलेखनावांचून गत्यंतरच उरलें नाहीं.

मधुमेही मुलाच्या आईला यांतलें कांहीं ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तिला दोनच गोष्टी हव्या असतात. बाटलीवर जें नांव लिहिलें आहे तेंच आंत असावें, दुसरें कांहीं नसावें; आणि ती बाटली प्रत्येक महिन्याला विकत घेतां यावी. शुद्धता वाढविली कीं किंमत चढते, आणि किंमत उतरवूं गेलें तर शुद्धता धोक्यांत येते. स्तंभापाशीं उभा राहून थेंबाथेंबाचा हिशेब करणारा संशोधक या दोन मागण्यांचा मेळ बसवीत असतो. तो जितका बसेल, तितक्या अधिक घरांपर्यंत औषध पोहोंचेल.