घरचं गिऱ्हाईक

आपल्या बऱ्याच जणींच्या मुली आता तालुक्याच्या मोठ्या दुकानांत बिलिंगला बसतात. परवा बैठकीत एक मावशी रागानं म्हणाल्या, "माझ्याच लेकीनं माझं बिल केलं नाही. दुसऱ्या काउंटरवर जा म्हणाली!"

मावशी, लेकीचं बरोबर आहे. अनेक दुकानांत तसा नियमच असतो. घरच्यांची एखादी वस्तू नजरचुकीनं बिलात राहिली, तरी ती मुद्दाम सोडली असंच वाटतं. मग नोकरीवर येतं.

"सुटे राहू दे तुला" म्हणणारं गिऱ्हाईकही भेटतं. ते पैसे गल्ल्यात टाकले, तर संध्याकाळी हिशेब जुळत नाही. खिशात टाकले, तर कॅमेऱ्यात चोरी दिसते. दुकानाची परवानगी नसेल तर हसून परत करावेत. गिऱ्हाईक ठेवूनच गेलं, तर लगेच वरिष्ठांना सांगावं.

आमच्या गटाच्या स्टॉलवर एकदा माझ्या जाऊबाई आल्या. पैसे मीच घेतले. संध्याकाळी 50 रुपये कमी भरले. कुणी काही बोललं नाही, पण नजरा कळल्या. तेव्हापासून घरचं माणूस आलं की मी उठते, दुसरी पैसे घेते. तुमच्या गटातही एवढं ठरवून घ्या.