आओस्ता: पाटीवरची भाषा, तोंडातली भाषा

आज आओस्ताला जाऊया, आल्प्सच्या कुशीतल्या इटालियन शहरात. ऑगस्टसच्या रोमन कमानीपासून चालायला लागले आणि पाट्या बघून थबकलेच. इटालियनसोबत चक्क फ्रेंच! १५६१ पासून इथला सरकारी कारभार फ्रेंचमध्ये चालायचा. मुसोलिनीने ती शाळांतून हद्दपार केली, कुर्मायर गावाचं नावही 'कोर्मायोरे' करून टाकलं. मुख्य चौक एमिल शानू यांच्या नावाचा आहे. स्वायत्ततेसाठी लढलेला हा नोटरी १९४४ मध्ये फॅसिस्टांच्या कोठडीत गेला. १९४८ मध्ये फ्रेंचला इटालियनच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. पण कॉफी घेताना आजूबाजूला ऐकू आली ती इटालियनच. पाटी सरकार लावतं हो, बोलायचं आपल्यालाच असतं. आज आजीला फोन करा, तिच्याच बोलीत बोला. भेटूया पुढच्या भागात!