नियम आपल्या बाजूचा असतो, तेव्हा
(छत्रपती संभाजीनगर येथे महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी शिडाच्या होड्यांविषयी बोलणार म्हटल्यावर काहीजणींनी विचारलं, "पोटगी, रेशन, पाणीटंचाई सोडून हा विषय कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्या शहरापासून समुद्र लांब. जवळ आहे तो पैठणचा नाथसागर. मराठवाड्यातल्या बाईचं पाण्याशी नातं आहे ते डोक्यावरच्या हंड्याचं. पण पाण्यावरच्या शर्यतीत मी एक गोष्ट शिकले, ती आपल्या कामाची आहे. नियमानं हक्क दिला तरी तो वेळेवर, मोठ्यानं सांगावा लागतो. ती एवढ्यासाठी सांगते.

नोकरीनिमित्त मुंबईला होते तेव्हा मी डिंगी चालवायला शिकले. डिंगी म्हणजे शिडाची लहान होडी. आमची दोघांची होती. मागे बसणारा सुकाणू आणि मोठं शीड धरतो, दिशा ठरवतो. पुढे बसणारा लहान शीड सांभाळतो आणि होडी कलली की बाहेर झुकून तोल राखतो. दोन्ही कामं कौशल्याची. पण वाटणी ठरलेली : सुकाणूवर पुरुष, पुढे बाई. वारा वाढला की म्हणायचे, "तू हलकी, तुला होडी आवरणार नाही." वारा पडला की म्हणायचे, "तू हलकी, पुढेच बरी." घरात काय आणि संघटनेत काय, हे आपण ऐकलेलं आहे. कारण बदलतं, जागा तीच राहते.

मग मी विंडसर्फिंगकडे वळले. एक लांब फळी, तिच्यावर कुठेही वळणाऱ्या सांध्यानं बसवलेली डोलकाठी आणि एक शीड. सुकाणू नाही, दुसरं माणूस नाही. शीड पुढे कलवलं की फळीचं तोंड वाऱ्यापासून दूर जातं, मागे कलवलं की वाऱ्याकडे येतं. सगळं स्वतःच्या हातापायांनी. शीड पाण्यात पडलं की दोरानं ओढून उभं करायचं. पुष्कळजण दंडाच्या जोरावर ओढतात आणि लवकर थकतात. विहिरीतून पोहरा ओढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. पाठ ताठ, गुडघे किंचित वाकलेले, आणि अंगाचा भार मागे. पहिले काही आठवडे मी फळीवर कमी आणि पाण्यात जास्त होते. पण पडले तरी माझी मी पडत होते, आणि कुठे जायचं ते मी ठरवत होते.

डिंगीत शिकलेलं वाया गेलं नाही. वारा कुठून येतो, पाण्यावरच्या काळपट लहरींवरून झोत कसा ओळखायचा, थेट वाऱ्याच्या तोंडी जाता येत नाही म्हणून नागमोडी कसं जायचं, हे सारं तेच. एक फरक मोठा. डिंगीच्या शर्यतीत शीड सारखं हलवून हवा मारायला साधारणपणे बंदी असते. विंडसर्फिंगमध्ये ती मुभा आहे. त्यामुळे वारा पडला की दमसास कामाला येतो, आणि हलकं असणं हा फायदा ठरतो. जे वजन माझ्याविरुद्ध सांगितलं जायचं, तेच उपयोगी पडलं.

शर्यतीत उतरले तेव्हा खरा धडा मिळाला. सुरुवातीच्या रेषेवर सगळे गर्दीनं एकमेकांवर येत असतात. नियम साधा आहे. दोघांचे मार्ग छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या अंगानं वारा येतो त्याचा हक्क, आणि डाव्या अंगानं येतो त्यानं दूर व्हायचं. समोर कप्तान आहे की कारकून, बाई आहे की पुरुष, हे नियम पाहत नाही. तरी व्हायचं असं की हक्क माझा आणि बाजूला व्हायची मी. समोरचा सरळ चालून यायचा, कारण बाई सरकेल हे त्याला माहीत होतं. अशा वेळी "स्टारबोर्ड!" असं ओरडून त्याला आपला हक्क सांगायचा असतो. त्या एका शब्दाला माझा गळा तयार व्हायला पूर्ण हंगाम लागला. लहानपणापासून हळू बोल, हसू नको, आवाज चढवू नको, हेच शिकवलेलं. तो आवाज पाण्यावर एकदम कुठून यायचा?

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. बहुतेक शर्यतींत प्रत्येक धक्क्यावर शिट्टी वाजवणारा पंच नसतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं तिथल्या तिथे "प्रोटेस्ट!" असं ओरडायचं. चूक करणाऱ्यानं ती मान्य केली तर तो स्वतःभोवती एक गिरकी घेऊन दंड भरतो. नाही केली तर किनाऱ्यावर येऊन मुदतीत लेखी तक्रार द्यायची. मग सुनावणी होते. दोन्ही बाजू समोरासमोर, साक्षीदार आणता येतात, प्रश्न विचारता येतात, आणि ज्याचे हितसंबंध गुंतलेत त्याला समितीत बसता येत नाही. पण वेळेवर शब्द उच्चारला नाही, तर तक्रार बहुधा तिथेच संपते. १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कामाच्या जागेवरील लैंगिक छळाविरुद्धचा कायदा यांत तक्रारीच्या कामी गुंतलेल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की होडीच्या शर्यतीत "प्रोटेस्ट" म्हणणाऱ्याला कोणी भांडकुदळ म्हणत नाही. तो खेळाचाच भाग धरतात. बाईच्या तक्रारीला हा मान अजून मिळायचा आहे.

हा खेळ बायकांना सहजी मिळाला नाही. १९०० साली पॅरिसला एलेन द पुर्तालेस नवऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जिंकली आणि ऑलिंपिक विजेती झाली. पण शिडाच्या शर्यतीत बायकांचा स्वतंत्र गट यायला १९८८ चं सोल उजाडावं लागलं. विंडसर्फिंग पुरुषांसाठी १९८४ मध्ये आलं, बायकांसाठी १९९२ मध्ये. १९९६ ला हाँगकाँगच्या ली लाय-शाननं त्यात सुवर्ण मिळवलं. हाँगकाँगचं ते पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण, आणि ते एका बाईनं आणलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळात स्त्रियांचे चार, पुरुषांचे चार आणि दोन मिश्र प्रकार होते. समानता आली, पण अठ्ठ्याऐंशी वर्षांनी दार उघडलं आणि पुढे छत्तीस वर्षं ते ढकलावं लागलं.

आपल्याकडे चेन्नईची नेत्रा कुमानन टोकियोला गेली तेव्हा शिडाच्या शर्यतीतली भारताची ती पहिली ऑलिंपिक स्त्री ठरली. विंडसर्फिंगमध्ये गोव्याची कात्या कोएल्हो आहे. आणि मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिनं २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. तिचा सराव भोपाळच्या तलावावर झाला. भोपाळलाही समुद्र नाही.

म्हणून नाथसागरावर शर्यती भरवा, अशी माझी मागणी आहे का? नाही. ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे मासेमारीवर जगणारी माणसं आहेत, आणि त्या पाण्याखाली कितीतरी गावं गेलेली आहेत. तिथे काही ठरवायचं तर त्या सगळ्यांचा विचार आधी. माझी मागणी साधी आहे. आपल्या मुलींना पोहायला येऊ द्या. धुणं धुताना पाय घसरून मायलेकी बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. मुलगे विहिरीत उड्या मारून शिकतात, मुली काठावर कपडे राखत बसतात. तरणतलावावर बायकांना नोकरी-घरकाम सांभाळून जाता येईल अशी वेळ हवी, शिकवायला बाई हवी, कपडे बदलायला आतून कडी असलेली खोली आणि स्वच्छ संडास हवा. पाळीचे दिवस, पोशाख, फी यांवर मोकळेपणी बोलणारं कोणी हवं. पाण्याजवळ या सोयी नसल्या की मुली येत नाहीत, आणि मग म्हणतात, त्यांना आवडच नाही.

आपापल्या वस्तीत विचारून पाहा, किती मुलींना पोहता येतं. आकडा घेऊन पुढच्या बैठकीला या. तलावाच्या वेळांचा अर्ज आपण मिळून करू, आणि उत्तर मुदतीत आलं नाही तर मोठ्यानं विचारू.