डॉक्टर गेल्यावर किती बकेटा?

(भातकुली येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

पत्रिकेवर विषय छापलाय 'उपचारानंतर जनावरांची घरची देखभाल'. माझ्यापुरता तो एका शब्दात मावतो. पाणी. हे मला लंपीनं शिकवलं. गुरांच्या अंगावर गाठी आणणारा हा विषाणूचा रोग काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. 2022च्या ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात दिसला आणि बघता बघता आपल्या गोठ्यात आला. बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचली, सगळं तुम्ही पाहिलंय.

त्या साली पूर्णेकाठच्या एका गावात बैल पाहायला गेलो. अंगभर गाठी, तोंडात फोड, पुढचा पाय सुजलेला. या विषाणूला मारणारं औषध नाही. ताप उतरवायचा, जखमेत दुसरे जंतू वाढू द्यायचे नाहीत, बाकी जनावरानं सावरायचं. इंजेक्शन दिलं, गूळ-मिठाचं पाणी पाजायला सांगितलं आणि निघालो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला होता, पण बैल बसलेला. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच उभी. डोळे खोल गेलेले.

मालक म्हणाला, "पाणी त ठेवतो जी, पेतच नाही तो."

मी टाक्यातलं पाणी जिभेवर घेतलं. खारं! धडधाकट ढोर खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला सरावतं. पण तोंड सोललेल्या बैलापुढं विहिरीचं खारं पाणी, त्यात माझ्याच सांगण्यावरून आणखी मीठ. चूक माझी होती. पाणी कुठलं, हे मी विचारलंच नव्हतं.

मालकाची माय उठली. घरच्यांसाठी भरून ठेवलेले नळाच्या पाण्याचे गुंड तिनं गोठ्यात आणले. "आमी पिऊ दोन रोज खारं," म्हणाली. बैलानं एक बकेट संपवली की भिंतीवर कोळशाची एक रेघ. पहिल्या दिवशी एकच, तीही अर्धी. चौथ्या दिवशी तीन. पुढच्या खेपेला मी बैलाआधी भिंत पाहिली. थर्मामीटर मला त्या घडीचा ताप सांगतो. त्या भिंतीनं चार दिवस सांगितले.

मागून विचारताहेत, नाहीच पेला तर नळीनं पाजावं का? नाही बाप्पा! मान वर ओढून बांबूच्या नळीनं ओतलेलं पाणी फुप्फुसात उतरतं, न्यूमोनिया होतो. लंपीत तर गिळतानाच त्रास असतो. अशा वेळी डॉक्टरला बोलवा, शिरेतून सलाईन लागेल.

"डॉक्टर येते कुठी वेळेवर?" (हशा) हसा, पण एका दवाखान्यामागं किती गावं आहेत तेही मोजा. रात्रभर अडलेल्या गाईपाशी बसलेला माणूस सकाळी तुमच्या दारात कसा पोचेल? म्हणून तर घरच्यांनी काय पाहायचं ते सांगतोय.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. कुत्र्या-मांजरांचं राहिलंच, भराभर सांगतो. ऑपरेशनचे टाके साधारण 10 ते 14 दिवस असतात, तोवर चाटू देऊ नका. गळ्यातली कॉलर दया येऊन काढू नका. माणसांच्या गोळ्या देऊ नका, पॅरासिटामॉलनं मांजर मरतं. आणि गाईला प्रतिजैविक चालू असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचं दूध डेअरीत घालू नका.

त्या बैलाचं काय झालं, असं या ताई विचारताहेत. पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम गेलो होतो. मानेवर गाठींचे चट्टे होते आणि माय तूप-हळदीनं त्याचे खांदे शेकत होती. भिंत नव्यानं सारवली होती. कोळशाच्या रेघांचा हातभर तुकडा तेवढा सोडला होता.