बिघडण्याची भीती नसलेला संगणक
(नारायणगाव येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कला शाखेचा पदवीधर. नव्वदच्या दशकात वृत्तपत्रात रुजू झालो, तेव्हा कार्यालयातील एकुलत्या एका संगणकाबाबत आम्हांला ताकीद होती, 'हात लावू नका, बिघडेल.' ती भीती जायला पुढे कितीतरी वर्षे लागली. तीच भीती आपण आपल्या मुलांच्या मनात पेरत आहोत का, हा आजचा प्रश्न आहे.

या भीतीवर उतारा आहे. २००० साली जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी 'नॉपिक्स' सिद्ध केले. ७०० मेगाबाइटच्या एका सीडीत सुमारे २ गिगाबाइट सॉफ्टवेअर आवळून बसवलेले! सीडी घालावी, संगणक सुरू करावा; लिनक्स थेट रॅममध्ये चालू लागते. तमाशाच्या पंढरीत याला दाखला शोधायला नको. फड गावात येतो तो कनात आणि रंगमंच घेऊनच. रात्र गाजवतो, पहाटे मुक्काम हलवतो, मैदान होते तसेच राहते. 'लाइव्ह' लिनक्सही तसेच. मुद्दाम हार्ड डिस्क उघडली नाही, तर मुलाने काहीही उलटसुलट केले तरी संगणक पुन्हा सुरू करताच पाटी कोरी!

परंतु कोऱ्या पाटीला गुरुजीही हवेत. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' उभे राहिले. दहा-दहा मिनिटांचे दृक्श्राव्य धडे. पडद्यावरील कृती तीच, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पाहत पाहत स्वतः करायचे, ही त्यांची रीत. असे धडे पेन ड्राइव्हवरील लिनक्समध्येच बसवले, तर इंटरनेट नसलेल्या वाडीवरही शिक्षक पोहोचेल. डेबियनच्या 'लाइव्ह-बिल्ड' या मुक्त साधनाने हवे ते सॉफ्टवेअर निवडून अशी प्रत बांधता येते. सी-डॅकने २००७ साली आणलेली 'बॉस' ही भारतीय भाषांतील प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे.

हा काही गरिबाघरचा तात्पुरता पर्याय नव्हे. जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण आहे. तिच्या संकेतांवर प्रक्रिया करण्यासाठी शास्त्रज्ञांनी बाजारात मिळणारे सुटे भाग आणि ४८ संगणकांचा लिनक्स समूह वापरला; त्यावरील शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. आकाशाचा वेध घेणाऱ्यांनी जे विश्वासाने स्वीकारले, ते आपल्या लेकरांना परके का वाटावे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यामुळे अनेक घरांतील चांगले संगणक भंगाराच्या वाटेवर आहेत. ते टाकू नका. पहिल्या प्रतीत पाचच धडे असू द्या : मराठी टंकलेखन, पत्र, हिशेब, चित्र आणि केलेले काम पेन ड्राइव्हवर जतन करणे. हा पाचवा धडा विसरू नका; जतन न केलेले काम संगणक बंद होताच जाते. प्रत तयार झाली, की आधी घरातील आजीला समोर बसवा. ती जिथे अडेल, तिथे आपला धडा कच्चा आहे, असे समजावे.

हात लावू नका, असे आम्हांला सांगितले गेले. आपण मुलांना सांगू या, 'बाळांनो, हात लावा!'