‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं किती?

(स्नेहमेळाव्यात ‘माझं काम’ या सत्रात केलेलं भाषण)



प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं, अकरावं मिनिट नाही, असं संयोजकांनी बजावलं आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, वकील आहेत. त्यांचं काम काय ते सांगावं लागत नाही. माझं सांगावं लागतं. मी एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात आहे, आणि त्यातही ‘ऑपरेशन्स’मध्ये. नवीन काही बनवणं हे माझं काम नाही, जे आहे ते चालू ठेवणं हे माझं काम. गावाला पाणी सोडणाऱ्या माणसासारखं. नळाला पाणी आलं तर त्याची कोणाला आठवण होत नाही, नाही आलं की सगळ्या गावाला एकदम होते.

बँकेच्या खिडकीपलीकडून ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलं असेल. ते वाक्य शेवटी जिथं येऊन पोचतं, तिथं मी बसते.

दरवर्षी एप्रिल उजाडला की आमच्याकडे वर्षाची उद्दिष्टं लिहिली जातात. ‘सेवेचा दर्जा उंचावणे’, ‘तक्रारींचे त्वरित निराकरण करणे’, ‘कार्यक्षमता वाढवणे’. ऐकायला छान. पण मार्च संपल्यावर ती साधली की नाही, हे ओळखायचं कसं? बाई, राग मानू नका, पण आपल्या प्रगतिपुस्तकात ‘प्रगती समाधानकारक, अधिक प्रयत्न आवश्यक’ असा शेरा असायचा ना, त्यातलाच हा प्रकार. शेरा खोटा नसतो, पण त्यावरून उद्या सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही.

याला उपाय म्हणून ‘स्मार्ट’ उद्दिष्टांची कल्पना सगळीकडे सांगितली जाते. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये ‘मॅनेजमेंट रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकात ती मांडली. उद्दिष्ट नेमकं हवं, मोजता येणारं हवं, हाती असलेल्या साधनांत होण्याजोगं हवं आणि त्याला मुदत हवी. यातल्या ‘ए’ या अक्षराचा अर्थ पुढे बहुतेक ठिकाणी ‘साध्य होण्याजोगं’ असा झाला. डोरन यांच्या मूळ लेखात मात्र तो ‘कोणाकडे सोपवलं आहे’ असा होता. मला हा मूळ अर्थ जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या कामापुढे नाव नाही, ते काम कोणाचंच नसतं.

पण आज मला सांगायचं आहे ते याच्याही आधीचं. आकडा ठरवणं सोपं असतं. तो कोणाच्या बाजूनं मोजायचा, हे ठरवणं अवघड. उदाहरण देते. शाखेत १०:४० ला व्यवहार थांबले. कारकुनानं दोनदा यंत्र बंद-चालू करून पाहिलं, शेजाऱ्याला विचारलं, फोन लावला, तो लागला नाही. शेवटी ११:१० ला तक्रार नोंदली गेली. आमच्या माणसानं ११:३० ला दुरुस्ती केली. आमच्या कागदावर हा बिघाड वीस मिनिटांचा. रांगेत उभ्या असलेल्या पेन्शनधारक आजोबांच्या पायांना विचाराल तर पन्नास मिनिटांचा. दोन्ही आकडे खरे. पण उद्दिष्ट पहिल्या आकड्यावर ठेवलं, तर आम्ही आमचं कौतुक करून घेत राहू आणि आजोबा उभेच राहतील. म्हणून घड्याळ तक्रार नोंदल्यापासून नाही, व्यवहार थांबल्यापासून सुरू करायचं, हे आम्ही ठरवलं. पहिल्या महिन्यात आमचे सगळे आकडे वाईट दिसले. वरिष्ठांना ते पटवून द्यायला एक अख्खी बैठक लागली. काम बिघडलं नव्हतं, फक्त आरसा पुसला होता.

दुसरी गंमत टक्क्यांची. ‘आमची यंत्रणा ९९.९ टक्के चालू असते’ असं म्हटलं की शंभरातले पूर्ण गुणच वाटतात. पण तीस दिवसांच्या महिन्यात उरलेला ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं. ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद, आणि ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटं. आता ही ४३ मिनिटं रविवारी पहाटे तीनला आली तर कोणाला पत्ताही लागणार नाही. तीच पगार-पेन्शनच्या दिवशी सकाळी अकराला आली तर शाखेत भांडणं होतात. म्हणून आम्ही टक्के बाजूला ठेवले आणि ‘कामकाजाच्या वेळेत, महिन्याच्या पहिल्या सात तारखांत किती मिनिटं बंद’ असं वेगळं माप धरलं.

तिसरी गोष्ट सरासरीची. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून जपून बोलते. समजा दहा तक्रारी आल्या. नऊ तक्रारी दहा-दहा मिनिटांत सुटल्या आणि एक दहा तासांनी. मध्य येतो ६९ मिनिटं. प्रत्यक्षात ६९ मिनिटं कोणीच थांबलेलं नाही! मध्यक काढला तर दहा मिनिटं, म्हणजे दहा तास थांबलेला माणूस हिशोबातून गायबच झाला. म्हणून आम्ही दोन प्रश्न विचारतो. दहापैकी नऊ तक्रारी किती वेळाच्या आत सुटल्या? आणि सर्वांत जास्त थांबला तो किती थांबला?

महिनाभर असं नोंदवत गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून आलेल्या तक्रारींत सर्व्हर बऱ्याचदा धडधाकट असायचा. कुठं रस्ता खणताना केबल तुटलेली, कुठं शाखेतल्या यूपीएसच्या बॅटऱ्या संपलेल्या, त्यामुळे वीज गेली की सगळं एका क्षणात बंद. मोठा सर्व्हर घेऊन यातलं काहीच सुधारलं नसतं. बॅटऱ्यांच्या खरेदीच्या तारखा एका तक्त्यात लिहून, त्या मान टाकायच्या आत बदलणं, हे उद्दिष्ट दिसायला अगदी किरकोळ. पण रात्री-अपरात्री आमच्या मुलांना येणारे फोन त्यानंच कमी झाले. मोजण्याचा खरा फायदा हा आहे. आपण ज्याला एक दुखणं म्हणत होतो, ती चार वेगवेगळी दुखणी निघतात.

आता धोका सांगते. मी या विभागात आले तेव्हा एक नियम आधीपासून होता. प्रत्येक तक्रार चार तासांत बंद झाली पाहिजे. कागदावर तो जवळपास पूर्ण पाळला जात होता. कसा? चार तास भरत आले की तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद व्हायची आणि शाखेला सांगितलं जायचं, अजून अडचण असेल तर नवी तक्रार टाका. आकडा हिरवा, शाखा लाल. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांची वेतनवाढ त्याच आकड्यावर ठरत होती.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना हा धोका दाखवला होता. पुढे १९९७ मध्ये मॅरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी तोच मुद्दा ब्रिटिश विद्यापीठांच्या मूल्यमापनाला लावला. मथितार्थ असा की ज्या आकड्यावर बक्षीस आणि शिक्षा ठरते, तो आकडा हळूहळू खरं बोलणं सोडतो. समोर बसलेल्या शिक्षकांना हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. निकालाची टक्केवारी हेच ध्येय झालं की काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे.

यावर आम्हाला सापडलेले उपाय तीन. पहिला, तक्रार बंद करण्याचा हक्क ती सोडवणाऱ्याचा नाही, ती करणाऱ्या शाखेचा. दुसरा, प्रत्येक मापाला जोडीदार द्यायचा. किती लवकर सुटली, याच्याशेजारी किती परत आल्या. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या ‘अ‍ॅक्सिलरेट’ या २०१८च्या पुस्तकात सॉफ्टवेअरच्या कामासाठी चार मापं दिली आहेत. त्यांतली दोन वेगाची आहेत, नवे बदल किती वेळा होतात आणि किती लवकर पोचतात. दोन स्थैर्याची आहेत, किती बदलांनंतर बिघाड झाला आणि तो किती वेळात निस्तरला. त्यांना दिसलं ते असं की जे गट वेगात चांगले, ते स्थैर्यातही चांगले. घाई आणि नीटपणा यांतलं एकच निवडावं लागतं असं नाही. तिसरा उपाय, आकडा कामाचा ठेवायचा, माणसाचा नाही. नावानिशी तक्ता भिंतीवर लावला की लोक बिघाड लपवू लागतात, आणि लपवलेला बिघाड नेमका सणासुदीला उगवतो.

चांगलं माप कसं असतं, याचं एक उदाहरण तुमच्या खिशातलंच आहे. एटीएममध्ये खात्यातून पैसे वजा झाले पण नोटा आल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. यूपीआयनं दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे तिच्या खात्यात पोचले नाहीत, तर एका दिवसात. उशीर झाला तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक सप्टेंबर २०१९ चं. यात नेमकं काय, किती दिवसांत आणि कोणी, हे सगळं आहे. आणि घड्याळ ग्राहकाच्या बाजूनं सुरू होतं. यूपीआयचे फसलेले व्यवहारही दोन खात्यांत मोजतात. पिन चुकला किंवा शिल्लक नव्हती ते एकीकडे, यंत्रणा बंद होती म्हणून फसले ते दुसरीकडे. ग्राहकाची चूक आणि आपली चूक एकत्र मोजली की आपली चूक दिसेनाशी होते.

हे सगळं आज इथं सांगण्याचं एक कारण आहे. आपली तुकडी शाळेला वीस संगणक देते आहे. फीत कापली जाईल, फोटो निघेल, या स्मरणिकेत छापला जाईल, आणि ‘वीस संगणक दिले’ हा आकडा आपण अभिमानानं सांगू. पण तो आपल्या बाजूनं मोजलेला आकडा आहे. आठवीतल्या मुलीच्या बाजूनं आकडा वेगळा आहे. संगणकाच्या तासाला मी आत गेले तेव्हा किती यंत्रं सुरू होती, आणि माझे हात कीबोर्डवर किती वेळ होते? देणगीची यंत्रं सहा महिन्यांत प्लास्टिकच्या आवरणाखाली जातात, हे आपण खूप ठिकाणी पाहतो. त्यात शाळांचा दोष नसतो. दुरुस्तीला माणूस नसतो आणि विचारायला फोन नंबर नसतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा. पुढच्या ३० एप्रिलपर्यंत, संगणकाच्या प्रत्येक तासाच्या सुरुवातीला वीसपैकी किमान अठरा यंत्रं चालू असावीत. बंद पडलेलं यंत्र शाळेच्या सात दिवसांच्या आत दुरुस्त व्हावं. जोडीला दुसरं माप, प्रत्येक वर्गाला आठवड्यात ठरलेले तास खरोखर मिळाले का. नोंद ठेवायला शंभर पानी वही पुरेल, आणि ती नववीची दोन मुलं ठेवतील. शिक्षकांवर एकाही कागदाचा बोजा नको. वही वाचून कोणालाही रागवायचं नाही. ती आपल्याला मदत कुठं पाठवायची ते सांगण्यासाठी आहे.

राहिलं डोरन यांचं ‘ए’, म्हणजे कोणाकडे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येऊन वही बघायची आणि दुरुस्तीचा खर्च तुकडीच्या निधीतून करून द्यायचा, यासाठी बारा महिन्यांना बारा नावं हवी आहेत. पहिला महिना मी घेते. जेवणाच्या सुट्टीत प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर कागद ठेवला आहे. उरलेले अकरा महिने तिथं लिहून मगच पंगतीला बसा.