मुक्या जीवांचे ऋण

७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर येथे जनुकांत १० बदल केलेल्या डुकराचे हृदय एका मरणोन्मुख रुग्णास बसविले गेले. तो सुमारे दोन महिने जगला. हे ऐकून कित्येकांनी नाके मुरडली. परंतु आपल्या बेलापुरी उसाच्या फडात सर्पदंश झाला असता जी प्रतिविषाची लस आपण टोचून घेतो, ती घोड्याच्या रक्तातूनच सिद्ध होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष अल्प मात्रेने सोसून तो मुका जीव आपणांस वाचवितो. त्या वेळी विटाळाची आठवण कोणासही होत नाही! म्हणून आम्हांस वाटते, किळस सोडावी, दया मात्र सोडू नये. घोडा असो वा डुक्कर, ज्याच्या जिवावर आपण जगावे, त्याचे हाल होऊ देऊ नयेत.